आपलं विरजण

९ मार्च

बारक्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. ते मागच्या वाढदिवसांच्या कार्डांमधून वळते करून घे, माझ्याकडे सध्या शिल्लक नाहीत. फोनवर तू "ताई, तू आधी शांत हो" म्हणतोस आणि मग माझं डोकं फिरतं. कागदावर तुला मध्येच बोलता येत नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

बातमी तुला माझ्याआधीच कळली असणार. तुमच्या कंपनीने आपल्या शेडमध्ये बिअर करणं बंद करायचं ठरवलंय. ती आता तिकडे मोठ्या कारखान्यात होणार, जिथे टाक्या चार मजली आहेत आणि माणसं नुसती बटणं दाबतात. इथे टेबलं-खुर्च्या मांडून ती फक्त प्यायला द्यायची. आबांनी शेड उभी केली तेव्हा ठरलं होतं की मी बिअर करायची आणि तू विकायचीस. विकायच्या म्हणजे बाटल्या, असं मला वाटलं. तू अख्खी शेडच विकलीस. तिघांत दोन सह्या पुरल्या. आबांनी केली, कारण बारक्या म्हणतो. मी केली नाही, त्याने कुणाचं काही अडलं नाही.

काल प्रयोगशाळेतली एक बाई आली होती. चष्मा, पांढरा कोट, हातात बर्फाची पेटी. आपलं विरजण न्यायला. तिच्या भाषेत यीस्ट. आठवतंय ना, आबांनी आपल्याला तो शब्द कधी वापरूच दिला नाही. एका खेपेच्या टाकीच्या तळाचा साका काढून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला घालायचा, दह्याचं असतं तसंच, मग विरजणच म्हणायचं. आणि कुणी मागायला आलं तर नाही म्हणायचं नाही, ही दुसरी ताकीद. बाईने ते नखाएवढ्या कुपीत भरलं आणि वर एक लांबलचक नंबर चिकटवला. मी म्हटलं, त्यावर 'आबांचं विरजण' लिहा. ती म्हणाली, तसं चालत नाही, नंबरच लागतो. बाई बोलायला वाईट नाही. उरलेलं मात्र माझ्याच हाताने मोरीत ओतायला लावलं. करारात आहे म्हणे, शेडमध्ये जिवंत जे काही आहे ते कंपनीचं. मी विचारलं, मीही जिवंत आहे, माझं काय? ती हसली नाही.

मागणं एकच आहे. मागच्या बाजूची लहान टाकी राहू दे. आबांपुरती बिअर मी तिच्यात करीन. संध्याकाळी अर्धा ग्लास त्यांना लागतो, डॉक्टरांनी तेवढा चालेल म्हटलंय. तुमची तिकडची त्यांच्या घशाखाली उतरायची नाही. आधी आपलं थोडं विरजण नेऊन तिकडे केलेल्या नमुन्याची बाटली आली होती, मी एक घोट घेतला आणि बाकीची बेसिनमध्ये ओतली. नुसतं पाणी आहे.

आबा बरे आहेत. तुझी चौकशी करत नाहीत.

ताई


४ एप्रिल

बारक्या,

पत्र मिळालं. टाकी राहणार नाही हे कळलं. विमा, नियम, पाहुण्यांची सुरक्षितता. दोन पानं भरून नाही म्हणायला तुला तिकडे शिकवलेलं दिसतं. इथे होतास तेव्हा तू एका शब्दात म्हणायचास.

ते मी गिळलं असतं. पण खाली जे लिहिलंयस, "ताई, नावडतीचं मीठ अळणी", ते कोणाला? मला? ज्या बाईने केस पिकेपर्यंत रोज सकाळी उपाशीपोटी टाकीतली बिअर चाखली, तिला? कारण उपाशीपोटीच जीभ खरं सांगते. आबांच्या बिअरचा घोट गेल्यावर मागे लवंगेसारखा चटका राहतो, तो कमी-जास्त झाला तर मला झोपेतून उठवून विचार. तुला बिअरमधलं काय कळतं रे? तुला लेबलं कळतात. म्हणे कंपनी नावडती म्हणून बिअर पाणचट लागते. कंपनी नावडती आहेच, त्यात काय लपवायचं? पण जीभ माझी आहे, ती काही तुमच्या पगारावर नाही.

आता ऐक, आणि ऐकून काय करायचं ते कर. त्या बाईसमोर मोरीत ओतलं ते सगळं नव्हतं. घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या मागे, जॅमच्या बरणीत आपलं विरजण आहे. जव भिजवून त्याचं गोड पाणी काढते, उकळून निववते आणि त्याला पाजते. बरणीचं झाकण रोज जरा सैल करावं लागतं, नाहीतर फुगून उडतं. मोठ्या पातेल्यात थोडी थोडी बिअर होते आणि ती आबा पितात. वकील पाठव, बरणी जप्त कर.

आणि पुरावाच हवा असेल तर परवा आबांपुढे दोन ग्लास ठेवले. एकात तुमची, एकात माझी. दोन्ही चाखल्या आणि तुमचा ग्लास हाताने सरकवून दिला, पार टेबलाच्या कडेपर्यंत. आता बोल.

त्यांना थोडं विसरायला होतंय. बारक्या शाळेतून आला का, असं दिवेलागणीला विचारतात. मी म्हणते, येतोय.

ताई


२६ मे

बारक्या,

शेड ओळखायची नाहीस. तांब्याचा हंडा घासूनपुसून दारात ठेवलाय आणि त्यात झाडं लावलीत. लोक त्याच्यापाशी उभे राहून फोटो काढतात. भिंतीवर आबांचा फोटो आहे, माणसाएवढा. त्यांना कधी बघायला नेलं नाही, नेणारही नाही.

मला एक ॲप्रन दिलाय आणि एक कागद. कागदावर आबांची गोष्ट आहे, ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची. माझ्या बापाची गोष्ट मला पाठ करायला दिली आहे, काय नशीब बघ. त्यात आबा डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणायला पहाटे निघायचे. कुठला झरा रे? नळाचं पाणी होतं आणि तेही आलं तर आलं. आधी मला वाटलं, हे कुणा परक्याने लिहिलं असेल. मग पुढे वाचलं की हंडा घासताना आबा गुणगुणायचे आणि सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. ते खरं आहे. म्हणजे हे तू लिहिलंस. तेवढा भाग मी कागदात न बघता सांगते.

काल एका माणसाने विचारलं, ही बिअर इथेच होते का? कागदावर त्याचं उत्तर आहे, "हिचा आत्मा इथेच आहे." मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग शरीर कुठे आहे? मला त्याला आणखी एक ग्लास फुकट द्यावासा वाटला.

लॅबवाली अधूनमधून नळ तपासायला येते. तिच्याशी माझं वाजलं. मी म्हटलं, तुमची बिअर पाणचट आहे. ती म्हणाली, जव तेच, कडवटपणाची हॉप्सची फुलं तीच, हंडा बदलला पण उकळायचा वेळ तोच, आणि विरजणही तेच. विरजण म्हणाली, यीस्ट नाही म्हणाली, म्हणून मी जरा थंड झाले. पण हार कशी मानू? मी म्हटलं, बडा घर पोकळ वासा, तुम्ही सगळं तेच घालता आणि तरी ते आमचं होत नाही. आणि रागाच्या भरात बरणीचं बोलून गेले. ती दचकली नाही. कुणाला सांगणार नाही म्हणाली. मग विचारलं, घरच्या फ्रिजमध्ये किती वेळा पाजलंत? तिचा तो प्रश्न मला आवडला नाही.

शेवटी ठरलं असं की ती घरी येईल आणि आबांसमोर ग्लास ठेवायचे. दिसतील अशा खुणा नाहीत, बाटल्या दाखवायच्या नाहीत. आबा जे म्हणतील ते तिने आणि मी मान्य करायचं, आणि मी ते तुला कळवायचं. निकाल मला ठाऊकच आहे, तू माफीचं पत्र लिहायला घे.

ताई


१९ जून

बारक्या,

कळवते म्हटलं होतं, म्हणून कळवते.

लॅबवाली रविवारी आली. तिने तीन ग्लास भरले, बुडाखाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कोणता कुठला ते आम्हा दोघींनाही कळू नये म्हणून झाकून फिरवले. दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. आधी वेगळी कोणती ते ओळखायचं, मग विचारायचं की आपली कोणती. त्यांच्याकडे असंच करतात. आबा खुर्चीत सरळ बसले. बऱ्याच दिवसांत इतके सरळ बसले नव्हते. पहिला ग्लास नाकाशी नेला, मग दुसरा, मग तिसरा. मधला उचलून वेगळा ठेवला. चाखून बघायचीसुद्धा गरज लागली नाही.

मी विचारलं, आबा, यातली आपली कोणती?

त्यांनी बाकीच्या दोहोंतला एक घेतला, घोट तोंडात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही आपली. लवंग लागते बघ." मग माझ्यावर कृपा केल्यासारखा तो मधलाही चाखला. "हीसुद्धा वाईट नाही," म्हणाले. "कुणाकडची आहे?"

मधला माझा होता.

लॅबवालीने मान खाली घातली. तिला आनंद झाला नाही, हे मी तिच्या बाजूने लिहून ठेवते. नंतर स्वयंपाकघरात तिने मला समजावलं. त्यांच्याकडे कुपी कडक थंडीत गोठवलेली असते, तिच्यातलं विरजण झोपलेलं असतं, आपण दिलं तसंच्या तसं. माझ्या बरणीतलं रोज जागं आहे. खातं, वाढतं, आणि दर खेपेला तसूभर बदलतं. फ्रिजचं दार उघडझाक होतं, दुधाची संगत लागते. शेडमध्ये थंडावा कायम असायचा, दर खेपेला मी वरचं टाकून मधलं घ्यायचे, म्हणून तिथे ते टिकलं. जॅमच्या बरणीत कुठून टिकणार? लवंग गेली आहे. तिच्या जागी कच्च्या सफरचंदासारखं काहीतरी आलंय. मी पुन्हा चाखलं. बारक्या, आहे रे. सफरचंद आहे. मी ते रोज पीत होते आणि रोज त्याच्याबरोबर सरकत होते. रोज बघणाऱ्या आईला पोर वाढलेलं कळत नाही, पाहुण्याला कळतं.

आणि आता एप्रिलच्या पत्राचं. आबांनी ग्लास टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला होता हे खरं आहे. सरकवला तो माझा. मी तेव्हा म्हटलं, आजच्या दिवस तोंडाची चव गेली असेल, आणि तुला उलटं लिहिलं. म्हणजे तुझी ती ओळ बरोबर निघाली. नावडतीचं मीठ होतं, अळणी नव्हतं. घे, लिहून दिलं. फ्रेम करून तुमच्या त्या काचेच्या ऑफिसात लाव.

आज दुकानातून तुमच्या बाटल्या आणल्या. माझ्या ओळखीचा दुकानदार, तो म्हणाला, तुम्ही विकत घेताय? मी म्हटलं, पाहुणे आहेत. आबांनी अर्धा ग्लास घेतला, पूर्ण संपवला आणि मला म्हणाले, तुम्ही बसा ना, उभ्या का?

हो, मला हल्ली अहो-जाहो करतात. तुला लिहिलं नव्हतं. मी कोण ते त्यांना कळत नाही, घरात वावरणारी कुणी भली बाई आहे असं वाटतं. बिअर तेवढी ओळखतात. तो अर्धा ग्लास पितात तेव्हा माझ्याविषयी बोलतात, मलाच. मुलगी टाकीत वाकून अशी बघते म्हणतात, पडेल की काय असं वाटतं. तेवढ्यासाठी मी तुमच्या कंपनीच्या बाटल्या जन्मभर विकत घेईन.

ताई


८ ऑगस्ट

बारक्या,

हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा सरळच लिहिते.

दुकानदाराने सांगितलं, आपली बिअर यायची बंद झाली. मला आधी वाटलं गाडी चुकली असेल. शेडच्या मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, लेबलच बंद केलं, खप तेवढा नव्हता, आता इथल्या नळांना दुसऱ्या नावाची बिअर येईल. हंडा राहील म्हणाला, लोकांना आवडतो. आबांचा फोटो उतरवून जिन्याखाली ठेवलाय, तोंड भिंतीकडे करून. विकत घेतलीत, जशीच्या तशी सांभाळलीत, हे मी आत्ताच कुठे कबूल केलं होतं, आणि कबुलीची शाई वाळायच्या आत तुम्ही ती मारून टाकलीत. वाईट केली असती तर मला सोसलं असतं रे. चांगली होती आणि बंद केली.

कपाटात ज्या बाटल्या होत्या त्या मी पुरवून पुरवून दिल्या. आता नाहीत. दुसरी कुठली देऊन बघितली तर आबा घोट घेऊन ग्लास खाली ठेवतात. मग मुलीचं काहीच निघत नाही. दिवस दिवस निघत नाही.

आबांनी ज्यांना ज्यांना विरजण दिलं होतं त्या सगळ्यांना फोन करून झाले. एकाने धंदा बंद करून टायरचं दुकान टाकलंय. एक आता पाकिटातलं यीस्ट वापरतो, स्वस्त पडतं म्हणाला. तिसऱ्याला तुमच्याच कंपनीने घेतलं. लॅबवालीला विचारणार होते, तर तिची बदली झाली, कुठे ते कुणी सांगत नाही.

म्हणजे खरं विरजण जगात एकाच ठिकाणी आहे, तुमच्या थंड कपाटात, त्या नखाएवढ्या कुपीत. तुम्हाला ते नको आहे. मला हवं आहे. मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही, लहानपणी तूच मागायचास. आता मागते. एक कुपी आण. बर्फात घालून पाठव, नाहीतर स्वतः घेऊन ये, मी दारातून हाकलणार नाही. मी शेडमध्ये करणार नाही, विकणार नाही, नाव लावणार नाही, पाहिजे तर तसं लिहून देते. पातेल्यात करीन. आबांपुरती. त्यांचे किती दिवस राहिलेत हे डॉक्टरही बोलत नाहीत, आणि जेवढे आहेत तेवढ्यात त्यांच्या घरात त्यांची मुलगी असावी असं मला वाटतं.

तुझं ऐकून सही केली होती त्यांनी. तू त्यांचं एवढं कर.

तुझी ताई


२१ सप्टेंबर

बारक्या,

तुझं पत्र आलं. कंपनीच्या कागदावर नाही, साध्या कागदावर, हे बघूनच मला कळलं की काही खरं नाही.

तू विचारायला गेलास तेव्हा कपाट रिकामं होतं. बंद केलेल्या लेबलांची विरजणं ठेवायची की टाकायची, यावर आधीच्या महिन्यात मीटिंग झाली. पडद्यावर नुसते नंबर होते. कुणाचंच नाव नव्हतं. ठेवायचा खर्च कशाला, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी हात वर केले. तूसुद्धा केलास. हे तू लिहिलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं. लिहिलंस ते बरं केलंस. तीनदा लिहिलंयस की तुला माहीत नव्हतं. मी विश्वास ठेवते. तो नंबर कशाचा ते तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपल्या घरात त्याला जे म्हणतात ते त्या पडद्यावर नव्हतं. मी त्या बाईला म्हटलं होतं, कुपीवर लिहा म्हणून.

तुला शिव्या द्यायच्या म्हणून बसले होते. चांगल्या पाठ करून ठेवल्या होत्या. आता त्या आठवत नाहीत. तुझा राग येतोय, खूप येतोय, आणि तू तिकडे एकटा बसून हे पत्र लिहिताना कसा दिसत असशील तेही डोळ्यापुढे येतंय. दोन्ही एकदम येतंय, त्याला मी काय करू?

काल मी बरणी काढली. दुसरं काही नव्हतंच. नीट निगुतीने केलं सगळं, जव हाताने निवडले, पातेलं तीनदा उकळलं. मनात म्हटलं, कुणी सांगावं, एखाद्या खेपेला लवंग परत येईल. संध्याकाळी ग्लास भरला आणि आबांच्या हातात दिला. फेस छान आला होता. त्यांनी नाकाशी नेला, घोट घेतला. या वेळी सरकवला नाही. मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं.

"तुम्ही केलीत का ही?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"छान आहे. मेहनत दिसते. राग मानू नका, पण आमची मुलगी करते त्याची सर नाही."

मी म्हटलं, नसेल.

मग माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझं वाईट वाटलं असावं, कारण पुढे वाकून माझ्या हातावर हात ठेवला आणि हळू आवाजात, गुपित सांगावं तसं म्हणाले, "एकदा या आमच्याकडे. थोडं विरजण मागून न्या तिच्याकडून. ती नाही म्हणायची नाही."

मी म्हटलं, मागते.

ताई